धाकट्याची चूल

शुक्रवार, ९ एप्रिल २००४
प्रार्थनाघर, स्टेशनमागची गल्ली

तेमिरकुल,

फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. मी समोर आले की तुला घोड्याला पाणी दाखवायचं आठवतं. आता घोडा डोंगराखाली गेला, पण तुझी सवय गेलेली नाही. काल मी स्टेडियमच्या फाटकाशी उभी होते तेव्हा तू तंबूच्या दोऱ्या आवळत बसलास. त्या आधीच आवळलेल्या होत्या. म्हणून हा कागद. आयिमकान शोर्पोचा, मांसाच्या रश्श्याचा डबा घेऊन येईल, त्याच्याबरोबरच्या नानच्या फडक्यात हा सापडेल. तिच्यावर ओरडू नकोस. तुझी बायको असली तरी तिची बुद्धी अजून शाबूत आहे.

सात दिवस झाले. आपल्या चोंग-जार गावावरचा अर्धा डोंगर खाली आला, नऊ माणसं गेली, आपलं घर गेलं, आपल्या बापाने, अतांनी लावलेली जर्दाळूची झाडं गेली. माझं माहेर गेलं आणि मला ते रेडिओवर कळलं, जसं कुणाही परक्या बाईला कळतं. तू निरोप धाडला नाहीस. तुमची नावं जिवंत माणसांच्या यादीत आहेत हे मी जिल्हा कचेरीच्या भिंतीवर वाचलं. चारदा वाचलं. शिपाई म्हणाला, "बाई, अक्षर येत नाही का?" म्हटलं, "येतं, म्हणूनच वाचतेय."

आता कामाचं. आपा खोकतेय. ती माझीही आई आहे. फाटकापर्यंत ऐकू येतं. तो साधा सर्दीचा खोकला नाही, तळातून येणारा आहे, अतांना शेवटी होता तसा. तुमच्या तंबूत खालून ओल येते हे मला आयिमकानच्या मोज्यांवरून समजलं. इथे आम्ही बाकं भिंतीला लावलीत, हॉलमध्ये कोळशाच्या दोन शेगड्या चोवीस तास पेटत्या आहेत, आपल्या गावची अकरा कुटुंबं आली आहेत. आपले मोल्दो नारमतसुद्धा आलेत. सामानाच्या खोलीत पिठाच्या पोत्यांमागे नमाज पढतात, आणि आमची लीदा म्हातारी त्या वेळी दाराशी उभी राहून कुणाला आत जाऊ देत नाही. मशिदीचे मोल्दो क्रुसाच्या छपराखाली झोपतात आणि तुला चालत नाही! तू मोल्दोंपेक्षा मोठा मोल्दो कधी झालास?

तू स्टेडियममध्ये सगळ्यांसमोर काय बोललास तेही माझ्या कानावर आलंय. म्हणे, "बुरुलने बादलीभर कोळशासाठी बापाचा धर्म विकला, आता शोर्पोवर अख्खं गाव विकत घेतेय."

हो. बादलीभर कोळशासाठी. माझा नवरा सादीर गेला त्या हिवाळ्यात माझ्या खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरत होता. रोज सकाळी दाराशी एक बादली असायची. कोण ठेवतं हे समजायला मला महिना लागला, कारण लीदा गेन्रिखोव्हना दार वाजवतच नसे. एक दिवस दबा धरून पकडलं तिला, तर म्हणाली, "राख साठली असेल तर द्या, बागेला लागते." देवाचं नाव तिने काढलंच नाही, मलाच विचारावं लागलं. त्या हिवाळ्यात माझा भाऊ बारा कोसांवर होता आणि त्याच्या अंगणात कोळशाचा ढीग होता. बुरुलने बादली घेतली हे सगळ्या गावाला पाठ आहे. बादली कुणी आणली नाही, ते कुणी बोलत नाही.

तुला बोलावत नाही. तुझी मुलंही ठेव. नुसती आपाला पाठव.

बुरुल


गुरुवार, १५ एप्रिल

तेमिरकुल,

डबा परत मिळाला. घासून पुसून, लख्ख. शोर्पो तू फाटकाबाहेर गटारात ओतलास हे मला आयिमकानने सांगितलं नाही, गटारानेच सांगितलं. त्याच्यावर तेलाचा तवंग होता.

डुकराचं मांस म्हणे!

ऐक, खरं काय झालं ते सांगते आणि मग पोट धरून हस. बिश्केकहून आमच्या मंडळींचा ट्रक आला, त्यात परदेशातल्या विश्वासणाऱ्या लोकांनी पाठवलेले मांसाचे डबे होते. प्रत्येक डब्यावर कागद, कागदावर ही एवढी गाय, आणि गाईच्या खाली छापलेलं, "येशूच्या नावाने." मी म्हटलं, हे असंच वाटलं तर उद्या तेमिरकुल म्हणेल की घासाघासाला वचन भरवतात. म्हणून मी आणि लीदाने कोमट पाण्याचं घमेलं घेतलं आणि तीन तास बसून चारशे डब्यांवरचे कागद सोलले. बोटं पांढरी पडली. येशूचं नाव गेलं आणि त्याच्याबरोबर गायही गेली. उरले नुसते नागडे डबे. मग लोक विचारणारच की कशाचं मांस आहे, नाव का पुसलं? लपवायचं काही नव्हतं तेच आम्ही इतक्या मेहनतीने लपवलं. अकलेचे दिवे लावले आणि ते आमच्याच अंगावर पडले.

प्योत्र इसाकोविचना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बहीण बुरुल, येशूचं नाव सोलायला तुम्हाला सांगितलं कुणी?" ते आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख. बोलतात हळू, पण टोचतं. मी म्हटलं, "माझ्या भावाने." खोटं नव्हतं ते.

तर डबे राहू देत. काल लीदाने आपलं मेंढरू दिलं. एकच होतं तिच्याकडे. मी मोल्दो नारमतांना म्हटलं, "मोल्दोके, सुरी तुमची, दुआ तुमची, अंगण आमचं." ते दाढी खाजवत म्हणाले, "पोरी, तुझे लोक चिडतील." मी म्हटलं, "माझे लोक चिडले की गाणी म्हणतात, तुम्ही घाबरू नका." मग त्यांनी जर्दाळूखाली मेंढराचं तोंड पश्चिमेला करून बिस्मिल्ला म्हटलं. आमचे प्योत्र इसाकोविच खिडकीत उभे होते. त्यांनी पडदा ओढला, पण थांबवलं नाही.

या डब्यात त्याच मेंढराचा शोर्पो आहे. मोल्दोंनी कापलेला, अकरा कुटुंबांनी खाल्लेला. हाडंही रीतीने वाटली. वडीलधाऱ्यांना कमरेचं हाड, लेकीजावयांना छातीचा तुकडा. माझ्या ताटात मोल्दोंनी स्वतः छातीचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "चोंग-जारची लेक आहेस." अता गेले तेव्हा तू सगळ्यांना वाटा दिलास आणि माझ्यापाशी आल्यावर परात उचललीस. मला युर्तमध्ये, त्या नमद्याच्या तंबूत, बायकांत बसून बापासाठी रडगाणंही म्हणू दिलं नाहीस. मी कुंपणाबाहेर रस्त्यावर उभी राहून म्हटलं. ते तू घोड्याला पाणी दाखवत ऐकलंस, मला माहीत आहे. घोडा पाणी पीत नव्हता.

यातलं कमरेचं हाड आपाचं आहे. तिला दे. तिचा खोकला कसा आहे हे मी तुला विचारत नाही, आयिमकानच्या तोंडावर दिसतं.

बुरुल


सोमवार, २६ एप्रिल

तेमिरकुल,

एक कबुली देते. शनिवारी तू कचेरीत तंबूंच्या ताडपत्र्या मागायला गेला होतास तेव्हा मी तुझ्या तंबूत आले होते. चोरासारखी नाही. भर दुपारी, सगळ्यांदेखत, डोक्याला रुमाल बांधून. बायका बघत होत्या, मी म्हटलं, "बघा नीट, उद्या त्याला सांगायला चुकायला नको."

आपा वाळली आहे. शिर्डाकच्या नमद्यांचे तीन थर खाली, तरी हात बर्फ. मी तिचे पाय मांडीवर घेतले, तिने माझं तोंड चाचपलं आणि पहिलं काय विचारलं? "तू जेवतेस का?" एकोणिसाव्या वर्षी मी सासरी गेले तेव्हापासून दुसरं काही विचारत नाही ती मला.

मी हातगाडी आणली होती. आमच्या मंडळीतले दोघे बाहेर उभे होते. म्हटलं, "आपा, चल. शेगडी आहे, डॉक्टरीणबाई दिवसाआड येतात. माझी खोली तुला देते."

ती म्हणाली, "तेमिरकुल येऊ दे."

"तो नाही म्हणेल."

"मग मी नाही येणार."

"त्याच्यासाठी मरणार आहेस का?"

तर कोपरावर उठून बसली. खोकत खोकत बोलली, पण काय बोलली! "तू शिकलीसवरलीस आणि एवढं कळत नाही? मी धाकट्याच्या चुलीची माणूस. सगळे लेक वेगळे होतात, धाकटा बापाच्या घरात राहतो, आई त्याच्या चुलीशी मरते. त्याच्याकडे आता घर नाही, गोठा नाही, चूल नाही. मी उठून गेले तर त्याच्याकडे धाकटेपणही राहणार नाही. लोक म्हणतील, म्हातारीला दोन वेळची ऊब देता आली नाही, बहिणीने उचलून नेली. डोंगराने घेतलं ते घेतलं. उरलेलं मी नाही घ्यायची."

तेमिरकुल, मी रिकामी गाडी घेऊन परत आले. रस्त्यात मला तुझा राग आला, मग आपाचा, मग माझा. अकरा वर्षं मी समजत होते की तुझं भांडण क्रुसाशी आहे. मी तुझ्याशी मनातल्या मनात किती वाद घातले, किती वचनं काढली! आणि तू तिकडे तंबूच्या दोऱ्या आवळतोस, कारण आवळायला तुझ्याकडे दुसरं काहीच उरलेलं नाही.

हे दया म्हणून लिहीत नाही. दया आली असती तर गोड लिहिलं असतं. मला संताप येतो की हे तू मला सांगितलं नाहीस. मी तुला पाठुंगळी घेऊन कुरणात फिरले आहे, तुझ्या उवा काढल्या आहेत. माझ्यासमोर कसली लाज? मला "ती बाप्तिस्त बाई" म्हणायला तोंड आहे आणि "एजे, माझ्याकडे चूल नाही" म्हणायला नाही? अकरा वर्षांत तू मला एकदाही एजे म्हटलं नाहीस. थोरल्या बहिणीला शेजारची पोरंसुद्धा एजे म्हणतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असाच ओलावा राहिला तर महिना काढणार नाही. हे त्यांनी मला सांगितलं, मी तुला सांगितलं. आता आपल्या दोघांनाही माहीत आहे.

बुरुल


रविवार, ९ मे

तेमिरकुल,

तुझा निरोप मिळाला. निरोप तुझा नाही असं आयिमकानने तीनदा सांगितलं, म्हणजे तुझाच. "गावातल्या बायका विचारतात, प्रार्थनाघरातल्या दोन मोठ्या कढया एका दिवसासाठी मिळतील का? मंगळवारी नऊजणांचा चाळिसावा आहे." गावातल्या बायका! त्यातल्या निम्म्या माझ्या हॉलमध्ये झोपतात, त्या मला झोपेतसुद्धा विचारू शकतात.

पण विचारलंस ना. कुणाच्या का तोंडून असेना.

मला माहीत आहे काय अडलंय ते. गावच्या सगळ्या मोठ्या कढया मातीखाली आहेत. बाजारातला माणूस तंबूवाल्यांना भांडी देत नाही. आणि चाळिसाव्याला तेल तापलं नाही, पिठाचे बोरसोक तळले नाहीत, तळणीचा वास वर गेला नाही, तर गेलेली माणसं उपाशी भटकतात, असं आपण मानतो. मी "आपण" लिहिलं. आमच्या मंडळींनी वाचलं तर म्हणतील, बहीण बुरुल, तुम्हीसुद्धा? मी मानते की मेलेल्याला देव सांभाळतो. पण चोंग-जारच्या त्या नऊजणांच्या घरची माणसं अंगणात नाक वर करून वास शोधत उभी राहतील आणि वास येणार नाही, हे माझ्याच्याने बघवणार नाही.

आज उपासनेनंतर सभा झाली. दोन कढयांसाठी मंडळीतली सगळी बाप्तिस्मा झालेली माणसं बसली, हात वर करून ठरवायला. आमच्यात तशी रीत आहे, छपराच्या पत्र्यापासून ते माणसाच्या पापापर्यंत सगळं सभेपुढे येतं. एक भाऊ म्हणाले, "पीठ आणि तेल जिवंत माणसांसाठी आलंय, भुतांना वास द्यायला नाही." टाळ्या वाजवायची आमच्यात पद्धत नाही, नाहीतर वाजल्या असत्या.

मग मी उठले. बायका सभेत फार बोलत नाहीत, पण मी उठले. म्हटलं, "प्योत्र इसाकोविच, तुमच्या आजीची गोष्ट सांगा."

ते म्हणाले, "आत्ता तिचं काय?"

"सांगा ना. दर नाताळाला सांगता."

त्यांनी सांगितली नाही, म्हणून मीच सांगितली. लढाईच्या वर्षी या लोकांना व्होल्गाकाठच्या गावातून उचललं, गुरांच्या डब्यात घातलं आणि आपल्या स्टेशनावर बर्फात उतरवलं. आजीच्या पदरात सहा महिन्यांचं मूल, दूध आटलेलं. आपल्यातल्या एका बाईने तिला ओळखपाळख नसताना घरात घेतलं, चुलीपाशी बसवलं आणि वाटीभर गरम दूध दिलं. ते मूल म्हणजे प्योत्र इसाकोविचांचे वडील. मी विचारलं, "त्या बाईने वाटी पुढे करताना कोणत्या देवाचं नाव घेतलं होतं? आणि तुमच्या आजीने वाटी परत केली का? की तुम्ही इथे बसला आहात?"

 लीदा म्हातारी मागच्या बाकावरून एवढंच म्हणाली, "दुधात साखर होती. मी लहान होते, मलाही घोट मिळाला."

सभेत पुढे काय ठरलं ते तुझ्या उपयोगाचं नाही. तुझ्या उपयोगाचं हे, की मंगळवारी सकाळी सातला दोन्ही कढया स्टेडियमवर येतील. पीठ एक पोतं, तेल वीस लिटर, कोळसाही. अट कोणतीही नाही. आपाचं नावसुद्धा मी काढत नाही. फक्त कढया कुठे मांडायच्या ते मी ठरवणार, आणि तळायला मीच बसणार. ज्याला माझ्या हातचं चालत नाही त्याने वास घेऊ नये.

आज विजयदिनाचे, महायुद्धात लढलेले म्हातारे छातीवर पदकं लावून संचलनाला स्टेडियमवर आले होते म्हणे, आणि तंबू बघून बाहेरच उभे राहिले. त्यातल्या एकाने आपली गुलाबाची फुलं मुलांना दिली. कळलं ना? माणसं हे असं करतात. कठीण नाही ते.

बुरुल


गुरुवार, १३ मे
तुझा तंबू

तेमिरकुल,

हे पत्र मी तुझ्यापासून चार पावलांवर बसून लिहितेय. तू दाराशी पाठमोरा बसून खोगीर शिवतोस. घोडा नाही, तरी खोगीर शिवतोस. लेखणीचा आवाज तुला ऐकू येतोय, कारण तू मघापासून एकच टाका घालून उसवतोयस. तोंडाने बोलता येतं मला, पण सुरुवात कागदावर झाली, तर शेवटही कागदावर होऊ दे.

परवाचं लिहून ठेवते. तू लिहिणार नाहीस, आणि आयिमकानला लिहायला वेळ नाही.

मी हातगाडीवर कढया आणल्या तेव्हा तू फाटकाशी होतास. बायका म्हणाल्या, मध्ये मैदानात मांडू. मी म्हटलं, "नाही, तेमिरकुलच्या तंबूपुढे." दगड रचले, चूल केली, आग घातली. गावातली माणसं एकेक करून येऊन बसली आणि तुला विचारायला लागली, पाणी कुठून आणू, मोल्दोंना कुठे बसवू, सरपण पुरेल का. सहा आठवड्यांत पहिल्यांदा कुणी तुला काही विचारत होतं. तू आधी पुटपुटलास, मग बोलायला लागलास, मग ओरडायला लागलास. तुझं ते ओरडणं ऐकून आपा आतून हसली. हसताना खोकली, पण हसली.

तेल तापलं. पहिला बोरसोक टाकला आणि धूर वर गेला तेव्हा बायकांनी रडगाणी सुरू केली, नऊजणांची, एकामागून एक. नऊ झाल्यावर मी झारा खाली ठेवला आणि अतांचं म्हटलं. सगळं, पहिल्यापासून, या वेळी कुंपणाच्या आत बसून. शेवटच्या ओळीला माझा आवाज फाटला. मी मान वर करून पाहिलं. तू तिथेच उभा होतास. घोडा नव्हता, पाणी नव्हतं, आणि दोऱ्या आवळायला हात रिकामे नव्हते, कारण तुझ्या हातात मांसाची परात होती.

तू ती परात घेऊन आलास. मी मनात म्हटलं, आता उचलेल. तू छातीचा तुकडा काढलास आणि माझ्या पुढ्यात ठेवलास.   मी तो सगळ्यांदेखत खाल्ला, हाडापर्यंत, आणि हाड चोखलं. मला भूक नव्हती. तरी खाल्ला.

मग तू आपापुढे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "आपा, तुझी लेक शहरात असते. एवढ्या वर्षांत तू तिच्याकडे पाहुणी म्हणून गेली नाहीस. पंधरा दिवस जाऊन ये. चूल इथे आहे, तू आलीस की पेटती असेल."

पाहुणी! चूल असलेल्या माणसाची आई पाहुणी म्हणून कुठेही जाऊ शकते. आपाने लगेच रुमाल बांधायला घेतला. जणू सहा आठवडे ती एवढ्याच शब्दाची वाट बघत बसली होती. हुशार आहेस. आपल्या घरात हुशारी माझ्यावरच संपली असं मला वाटायचं.

आता सभेचं सांगते, नाहीतर तुला दुसऱ्यांकडून कळेल आणि तू मला बिचारी समजशील. सभेने ठरवलं की कढया द्याव्यात. दूध प्यायलेल्यांना वाटी नाही म्हणता येत नाही. पण बहीण बुरुल पूर्वजांना वास देणार आणि रडगाणं म्हणणार, म्हणून तिला तीन महिने प्रभुभोजन नाही आणि स्वयंपाकघराची किल्ली परत. प्योत्र इसाकोविचांनी माझ्याविरुद्ध हात वर केला. मी बघितलं. डोळे ओले होते, पण हात वर होता. आणि मंगळवारी पहाटे तोच हात कढईच्या कानाला लावून ते हातगाडीबरोबर स्टेशनपासून फाटकापर्यंत चालत आले. मी म्हटलं, "प्योत्र इसाकोविच, हे काय?" म्हणाले, "शिस्त वेगळी, कढई जड आहे." मला या माणसाचा राग येतो आणि मी त्याला सोडणार नाही. तीन महिने मी मागच्या बाकावर बसेन, माझ्यापुढून भाकर जाईल, मी ती बघेन. ऑगस्टमध्ये पुन्हा घेईन. मला कुणी काढलं तरी मी जात नाही, हे तू अकरा वर्षं पाहतोयस. त्यांनाही समजेल.

माझी खोली आपाकडे आहे. पलंग एकच आहे, शेगडी आहे, लीदा म्हातारी दिवसभर तिच्याशी भांडते. काल दोघींचं कोळशाच्या राखेवरून झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती जरा मोकळी वाटते. जरा म्हणाल्या, पण म्हणाल्या.

आणि मी इथे. एकतर माझ्या हातात किल्ली नाही, म्हणून तिथे स्वयंपाक करता येत नाही, आणि नुसतं बसून खाणं मला जमत नाही. दुसरं, कढया अजून तुझ्यापुढे मांडलेल्या आहेत, आणि स्टेडियममध्ये वीस कुटुंबं आहेत. ट्रकमधलं पीठ आता इथेही येईल. मी सभेला सांगितलंय की किल्ली तुमची, पण चूल माझ्या भावाची. ते सभेत कुणालाही नाकारता आलं नाही.

तू मला तंबूत राहा म्हणाला नाहीस, जा असंही म्हणाला नाहीस. रात्री आपल्या बाजूचा शिर्डाक उचलून माझ्या खाली टाकलास आणि स्वतः पोत्यावर झोपलास. सकाळी मी प्रार्थना म्हणत होते तेव्हा तू पोरांना गप्प केलंस. मी ऐकलं ते. पण ते पुरत नाही मला. तू माझ्यापुढे ठेवलेला तुकडा मी खाल्ला, तुझी चूल मी पेटवली, आता माझं एक बाकी आहे, आणि ते मी वसूल केल्याशिवाय इथून हलत नाही.

कढईत चहा उकळतोय. खोगीर खाली ठेव. हे पत्र आयिमकान आणून देणार नाही, मीच उठून तुझ्या मांडीवर ठेवणार आहे. वाचून झालं की चहा माग. "अहो" नको, "ए" नको, खाकरू नकोस, रिकामी वाटी पुढे करू नकोस.

एजे म्हण. नाहीतर चहा कढईतच राहील.

बुरुल